मुळगावचा चढ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या डिचोली महालात, म्हणजे तालुक्यात, असं मानतात की देवाच्या नारळावर हात ठेवून जो खोटं बोलतो, त्याचा तो हात झडतो. पिढ्यान्‌पिढ्या मानतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात. माझा उजवा हात धडधाकट आहे. त्याच हाताने हे लिहितो आहे. त्याच हाताने पुढे बरीच वर्षं मुख्याध्यापक म्हणून सह्या केल्या, आणि दर पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढली.

तेव्हा देवाची शिक्षा वगैरे काही झाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही शेवटी वीज पडण्याची वाट बघत बसणार नाही.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. मी कारापूरला हायस्कुलात मास्तर होतो. भाषेवरून गावागावात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कोंकणीवाले आणि मराठीवाले — आणि गंमत अशी की दोघेही भांडत होते कोंकणीतच. मी मराठीच्या बाजूचा. सभांना जात असे, पण हारतुरे सुरू झाले की मागच्या दाराने बाहेर पडत असे. भाषणबाजीची मला ॲलर्जी आहे, असं मी चारचौघांत सांगत असे. हेही एक भाषणच होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मला नाद होता सायकलचा. शेजारचा एक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला असलेला माणूस, सुट्टीवर आला की माझ्यासाठी परदेशी सायकल-मासिकं आणायचा. सहा-आठ महिने शिळी. पण मला काय फरक पडत होता? फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची शर्यत कोण जिंकलं हे मला पावसाळ्यात न कळता होळीला कळायचं, इतकंच. मी ती मासिकं डिक्शनरी घेऊन वाचायचो आणि संध्याकाळी बाजारातल्या हॉटेलात, पावभाजीच्या टेबलावर, प्रवचन द्यायचो. डोंगरात कोण कसा फुटला, कुणी कुणाला दगा दिला. पूर्वीच्या काळी तिथले काही महाभाग चक्क आगगाडीत बसून पुढे गेले होते — ही कथा मी फार चवीने सांगत असे. त्यांची नावं घेऊन तुच्छतेने हसत असे.

ऐकणाऱ्यांत बाबल होता. दोडामार्गाकडचा, म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रातला. खाणीच्या वर्कशॉपात फिटर. पंचविशीतला, अंगाने सडसडीत, आणि चढावर असा जायचा की मागून बघणाऱ्याला आपलीच सायकल मोडली आहे असं वाटावं. आमच्यापैकी कुणाकडेच शर्यतीची सायकल नव्हती. साध्या सायकलींचे मडगार्ड आणि कॅरियर काढायचे, घंटी काढायची, आणि आता वजन गेलं असं मानायचं. बाबलला मी सगळं शिकवलं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे — वारा स्वतः कापू नकोस. पुढच्याच्या चाकाला चाक लावून राहा, त्याच्या आडोशाला. अर्धी शर्यत तिथेच जिंकतात. तो हे ऐकून म्हणाला, ‘‘म्हंजे मास्तर, दुसऱ्यान् वडायचा आणि आपण बसान् खायचा?’’ मी म्हटलं, यालाच डावपेच म्हणतात. त्याला ते पटलं नसावं. पण मास्तरांनी सांगितलं म्हणून तो तसं करू लागला.

घटकराज्याच्या आनंदाप्रीत्यर्थ म्हापसा ते कारापूर अशी शर्यत ठरली. पहिला येईल तो गोव्याच्या संघातून महाराष्ट्रातल्या मोठ्या शर्यतीला जाणार. राज्य झालो, तेव्हा राज्याचा संघ हवाच. शर्यत सकाळी सातला सुटायची होती, ती साडेनऊला सुटली, कारण कमानीवरचं कापड कुठल्या भाषेत असावं यावर आयोजन समितीचं एकमत होईना. शेवटी पुढच्या बाजूला कोंकणी आणि मागच्या बाजूला मराठी असा तोडगा निघाला. मग मंत्र्यांनी राज्याचा रथ आणि सायकलची चाकं यांवर भाषण केलं. आम्ही उन्हात हँडल धरून उभे.

एक मात्र समिती विसरली. वाहतूक थांबवण्याची परवानगी तिने घेतली होती, पण खाणीचे ट्रक थांबवण्याची नाही. ते ट्रक आमच्याकडे वाहतुकीत मोजतच नाहीत. ते ऊन-पावसासारखे असतात.

अस्नोडा मागे पडलं तेव्हा पुढे आम्ही दोघेच उरलो होतो — बाबल आणि मी. मुळगावच्या चढाला बाबल निघून गेला. काही ठरवून नव्हे, त्याचा पाय तसाच होता. त्याच्या पुढे खनिज भरलेला एक ट्रक कण्हत चढत होता, आणि बाबल त्याच्या मागे, आडोशाला. मीच शिकवलेलं. मग माझ्या शेजारून दुसरा ट्रक निघाला. तोही हळूच, पण पुढच्यापेक्षा जरा वेगात. मागच्या फळीची साखळी खाली लोंबत होती — माझ्या खांद्याच्या उंचीवर.

मी ती धरली.

इथे मी पूर्वी, मनातल्या मनात, बरीच कारणं देत असे. छातीत कळ आली होती. दहा वाजून गेल्याचं ऊन होतं. सगळं खरं आहे, आणि त्यातलं एकही कारण नाही. साखळी जवळ होती आणि कुणी बघत नव्हतं. चढ संपायच्या आधी, वळणावर सोडली. वळण घेऊन बाबलला गाठलं. त्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. ‘‘मास्तरांनू, चढ बरो काढलात!’’ तो धापा टाकत म्हणाला. मला आजही तो आनंद आठवला की चीड येते. त्याच्यावर नव्हे — पण त्याच्यावरही थोडी. इतकं निर्मळ असण्याचं काय कारण होतं?

कारापूरला तो पहिला आला, मी दुसरा. एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. साखळी धरूनही हरलो, हे मी एखाद्या दिवशी हसत हसत सांगितलंही असतं.

पण पंच आला. मोटरसायकलवरून शर्यतीबरोबर राहणं हे त्याचं काम, आणि तो मुळगावच्या चढावर एका गाड्यावर भजी खायला थांबला होता. भज्यांच्या गाड्यावरच्या बाईने त्याला सांगितलं होतं, की पुढच्या दोघांतला एक ट्रकाला लोंबकळत गेला. कोण? बाई म्हणाली होती, ‘‘तोंडां खंय दिसतात बाबा! सगळीं तांबडीं माकडां!’’ खरंच होतं. खनिजाच्या धुळीने आमचे चेहरे, बनियन, पाठीवरचे आकडे, सगळं एका रंगाचं झालं होतं.

समितीत पुन्हा दोन तट पडले, आणि तेही भाषेवरून पडले. सायकलींचा विषय मागेच राहिला. तेव्हा गावच्या देवळाचे एक म्हातारे मानकरी उठले आणि म्हणाले, भांडता कशाला, देवाला विचारा. ही आमच्याकडची जुनी रीत. बांधाचा वाद असो, चोरीचा आळ असो, देवासमोर नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्याच्यावर संशय त्याने नारळावर हात ठेवून सांगायचं. हात ठेवला तर सुटला. काढला तर — न बोलता सगळं कळलं. लेखी नियमांपेक्षा हे सगळ्यांनाच बरं वाटलं. बक्षीस द्यायला मोटारीने पुढे आलेले मंत्रीसुद्धा थांबले.

सगळे देवळात गेले, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, लोक ‘व्हय महाराजा’ म्हणाले, आणि शपथेचे शब्द ठरले. शर्यतीत गाडीचा फायदा घेतला नाही — एवढंच म्हणायचं. बाबल पहिला आला होता म्हणून त्याला आधी बोलावलं. त्याने हात धुतला, पुढे केला, आणि नारळावर टेकवायच्या आधी थांबवला.

‘‘मिया ट्रकाच्या पाठसून होतंय,’’ तो म्हणाला. ‘‘धरूक नाय. पण वारो लागाक नाय माका. ह्यो फायदोच झालो मा?’’

देवळात कुजबूज झाली. मानकऱ्यांना सायकल कळत नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग — साहजिकच — माझ्याकडे पाहिलं. ‘‘मास्तर, तुमीच सांगात. तुमी वाचतात. हें चलता?’’

आता मी जिथे यायला इतका वेळ लावला, तिथे आलो आहे. साखळी धरली हे मी सांगू शकलो असतो. तारुण्यातला आचरटपणा म्हणून खपलं असतं. खोटी शपथ घेतली हेही. मी नास्तिक, माझ्या लेखी तो बाजारातला नारळ. पण हे नाही. बाबलने विचारलं होतं ते साधं होतं, आणि त्याचं उत्तर गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. मला एवढंच म्हणायचं होतं — चालतं, मीच त्याला शिकवलं आहे, हात ठेवू दे. त्याने हात ठेवला असता. तो खरं बोलला असता. पण मग दुसरा हात माझा होता, आणि उरलेला ट्रकही माझाच.

मी घसा साफ केला. आणि मी, ज्याला भाषणबाजीची ॲलर्जी, मी म्हणालो, ‘‘हे नियमाने ठरत नाही, बाबल. तुझ्या मनाला विचार.’’

किती सुंदर वाक्य! मंत्र्यांनी मान डोलवली.

बाबलने मनाला विचारलं. त्याच्याकडे ते होतं. त्याने हात मागे घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘पळय रे, भायल्यान हात काडलो!’’ भायला म्हणजे बाहेरचा, सीमेपलीकडचा. सकाळी मराठीसाठी घोषणा देणारे माझे मित्रही त्यात हसले. मग माझी पाळी आली. मी हात धुतला, ठेवला, म्हणायचं ते म्हटलं. आवाज स्वच्छ निघाला.

देव नाही असं मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पुष्कळ वर्षं मला हा युक्तिवाद बिनतोड वाटत असे — जो नाहीच, त्याला फसवणार कसा? पण देव नाही असं धरलं, तर त्या देवळात फसवायला बाबल एकटाच उरतो. हे कळायला पुस्तकं लागत नाहीत. मला तरीही वेळ लागला.

वर्कशॉपात त्याला ‘नारळ’ हेच नाव पडलं. पाना सापडेनासा झाला की म्हणायचे, बाबलाक हात लावूक सांगा. हसत हसतच. तो काही दिवस हसला, मग त्याने नोकरी सोडली. जायच्या आधी माझ्याकडे आला — मी वाचायला दिलेली मासिकं परत करायला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून आणलेली. बायकोने चहा केला. निघताना चपला घालत म्हणाला, ‘‘तुमी बरा सांगितलात, मास्तर. दुसरो कोण असतो तर म्हणालो असतो, ठेव हात, काय जाता. मनाक इचारलंय म्हणान् झोप तरी लागता.’’

म्हणजे तो माझे आभार मानत होता. तेव्हा तरी सांगायचं? दारात आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, सायकल सोडू नकोस. तो म्हणाला, बघूया. त्याने सोडली, असं मागाहून कानावर आलं.

एकदा, फार नंतर, मी दोडामार्गाला बसमधून उतरलोही होतो. स्टँडसमोरच्या दुकानात त्याचं घर विचारलं. दुकानदाराने हाताने रस्ता दाखवला, जवळच होतं. मी त्याचे आभार मानले आणि परतीची बस पकडली. का, ते विचारू नका. मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही.

बाबल बाद झाल्यावर अर्थात मी पहिला ठरलो. त्याची जागा मला मिळाली. छातीवर नव्या राज्याचं नाव असलेला बनियन घालून मी महाराष्ट्रातल्या त्या मोठ्या शर्यतीच्या रेषेवर उभा राहिलो. बँड वाजला, कुणीतरी झेंडा खाली केला, आम्ही सुटलो. पहिल्याच वळणावर माझी चेन पडली, आणि ती बसवून हात पुसेपर्यंत पोलिसांनी रस्ता रहदारीला मोकळा केला होता.