शेवटच्याच्या मागे चालणारे काका

शेवटून पहिल्या आलेल्या माणसासाठी तुम्ही कधी टाळी वाजवली आहे का? खरं सांगा. समतेची पत्रकं वाचत मोठा झालेल्या मीही वाजवली नव्हती. आखातात, करामा वस्तीतल्या आमच्या इमारतीतले काका मात्र दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यासाठीच घराबाहेर पडत.

कुणाची गाडी बंद पडो, कुणाची मुलगी नापास होवो, काका दारात हजर. "आम्ही आहोत!" असत एकटेच, तरी आम्ही.

खालच्या मजल्यावरचा वसईचा पास्कल हॉटेलात नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी तो हौशी गोल्फ स्पर्धेत शेवटचा यायचा. मैदान वाळूचं. ज्याने त्याने हिरव्या चटईचा तुकडा काखेत घेऊन फिरायचं आणि त्यावर चेंडू ठेवून मारायचा. बाकीच्यांच्या मागे बायका-मुलं, साहेबलोक. पास्कलच्या मागे फक्त काका, छत्री आणि ताकाची बाटली घेऊन.

"काका, हा साहेबांचा खेळ आहे!" मी एकदा तावातावाने म्हणालो.

"असेल. पण शेवटी कोण येतो? आपला पास्कल. मग तू कुणाच्या बाजूने?"

मी गाडी काढली.

त्या दिवशी शेवटचा खड्डा उरला होता आणि पास्कल चक्क एका माणसाच्या पुढे होता. त्याने मारलेला चेंडू काकांच्या पायाशी येऊन पडला. जन्म गल्ली क्रिकेटमध्ये गेलेला माणूस काय करणार? काकांनी तो उचलला आणि "घे रे!" म्हणत झोकात परत फेकला. गोल्फमध्ये चेंडू पडेल तिथूनच मारायचा, त्याला कुणी हात लावायचा नसतो!

पास्कल डोकं धरून मटकन खाली बसला. पंच धावत आला. "खलास! अंकल, आप बाहर जाओ!"

"अंकल रहेंगे," पास्कल उठला. "वो गये तो मेरे साथ कौन है?"

चेंडू पडल्याची खूण वाळूत होती, काकांच्या चपलेच्या ठशाशेजारी. पंचाने हसू दाबत तो तिथे ठेवायला लावला. पास्कल शेवटून दुसरा आला. काका लहान मुलासारखे नाचले.

पुढच्या शुक्रवारी मात्र ते पास्कलला सोडून त्या हरलेल्या माणसामागे निघाले. तो होता एक गोरा इंजिनिअर.

"काका, अहो, तो साहेब!" मी ओरडलो.

"शेवटचा आला होता ना?" मग त्या गोऱ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही आहोत!" त्याला काही कळलं नाही, पण त्याने टोपी काढली.

पास्कल दुरून बघत होता. त्या दिवशी तो इतका वाईट खेळला की पुढच्या शुक्रवारी काका पुन्हा त्याच्याच मागे.

काका नोकरी संपवून पुण्याला गेले. पास्कल अजून खेळतो. चेंडू मारण्याआधी एकदा मागे वळून बघतो.

तर वाचकहो, या शुक्रवारी उठा. छत्री घ्या, ताक घ्या आणि शेवटच्याच्या मागे चाला. फक्त चेंडू उचलू नका.