मॅडमना ड्युटी भरायची होती

"हे कशात मोडतं?"

असं विचारताना मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्या वस्तूकडे, किंवा माणसाकडे, डोळे बारीक करून बघायच्या. तुमच्याही ऑफिसात अशा एक बाई असतील, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

दिल्लीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत त्या माझ्या सेक्शन ऑफिसर होत्या. आलेला कागद कोणत्या फाइलमध्ये जायचा हे ठरवण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. मी एकदा डब्यात उपमा आणला, त्यात नूडल्स घातलेले. मॅडमनी डब्यात वाकून बघितलं आणि तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "नाश्त्यात." त्यांना ते पटलं नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पटलं नाही.

त्या वर्ध्याच्या, मी लातूरची. निवृत्तीनंतर त्यांनी फरीदाबादला आमच्याच सोसायटीत, बरोबर माझ्या वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. यजमान फार पूर्वी गेलेले. एकुलती लेक गुरुग्रामला मोठ्या पगारावर. रविवारी तिचा फोन यायचा, "गोळ्या घेतल्यास?" एवढं विचारायला. मॅडम "घेतल्या" म्हणायच्या आणि संभाषण संपायचं.

एकदा चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "मी मायनिंग करणार आहे."

"कोळशाचं?" मी विचारलं. माझ्या डोक्यात आमचं जुनं कोळसा मंत्रालयच होतं.

"बिटकॉइनचं. एक मशीन असतं. ते दिवसभर एक आकडा ओळखायचा प्रयत्न करतं. जगभरातली मशीनं तेच करत बसलेली असतात. ज्याचा आधी जुळला त्याला बक्षीस."

"म्हणजे लॉटरीच की, मॅडम."

"लॉटरीला वीजबिल येत नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

मशीन परदेशातून मागवायचं होतं. पण मशीनपेक्षा त्यांना त्याच्यावरच्या आयात ड्युटीतच जास्त गोडी वाटत होती, अशी मला शंका आहे. त्यांनी मला बसवून समजावलं. आधी मशीनची किंमत. तिच्यात विमानाचं भाडं आणि विमा मिळवायचा. त्या सगळ्यावर ड्युटी, ड्युटीवर सरचार्ज, आणि मग या सगळ्या बेरजेवर जीएसटी.

"म्हणजे करावरही कर?"

"बिल्कुल," त्या खुशीत म्हणाल्या.

"आणि नफा झाला तर?"

"त्यावर वेगळा कर. तोटा झाला तर तो आपला."

घरच्या वापरासाठी म्हणून मागवलं असतं तर निराळा नियम लागला असता. पण हा धंदा आहे, तर धंदाच म्हणायचं, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी रीतसर आयातदाराचा कोडही काढला. पेन्शनर बाई आणि आयातदार! लेकीनं मला फोन केला. "ताई, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय का? कोणीतरी फसवतंय तिला. हे प्रकरण असंच वाढलं तर मी तिला सरळ इकडे घेऊन येणार. बँकेचे व्यवहारही मीच बघेन."

मी हे मॅडमना सांगितलं नाही. पण त्यांना ते ठाऊक होतं. "ती मला सांभाळायला नेणार आहे," त्या एकदा जिना चढताना म्हणाल्या. "सामानासारखं."

मशीन विमानतळाच्या कार्गोत आलं आणि अडकलं. माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटनं सांगितलं, तुम्ही यायची गरज नाही. मॅडम अर्थातच गेल्या, आणि सोबत मला नेलं.

खोकं उघडलेलं होतं. आत बुटाच्या डब्याएवढं करड्या रंगाचं यंत्र, दोन्ही टोकांना पंखे. तरुण कस्टम अधिकाऱ्यानं विचारलं, "मैडम, ये करता क्या है?"

"गणित."

"कौन सा गणित?"

"जिसका जवाब और किसी काम नहीं आता."

अधिकाऱ्यानं थोडा विचार करून ते मशीन 'कॉम्प्युटर' या वर्गात टाकलं. एजंटचा चेहरा खुलला, कारण कॉम्प्युटरवर मूळ ड्युटी लागत नाही, नुसता जीएसटी. तेवढ्यात मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. मी डोळे मिटून घेतले.

"ये कम्प्यूटर कैसे हुआ? इस पर चिट्ठी टाइप करके दिखाइए. ये एक ही काम जानता है. इसे दूसरी मशीनों में डालिए."

"मैडम, उसमें ड्यूटी लगेगी."

"तो लगाइए ना!"

एजंट हात जोडून म्हणाला, "मैडम जी, आप हमारी तरफ़ हैं या इनकी?"

अधिकाऱ्यानं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी मशीनवर हात फिरवला, बराच वेळ पंख्यात डोकावून पाहिलं. तासाभरानं अधिकाऱ्यानं माझ्याकडे वळून घरच्या कोणाचा तरी नंबर मागितला. मी दिला. दुसरं काय करणार?

लेक ऑफिसातून तशीच कॅब करून आली. गळ्यात ओळखपत्र, चेहरा लाल. "आई, बस्स झालं. चल घरी." मॅडमनी पर्स उचलली, पदर सावरला. इतक्या वर्षांत त्यांना असं खांदे पाडून उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात वरिष्ठ सुटकेच्या आवाजात म्हणाले, "छोड़िए, इसे हीटर लिख देते हैं. गरम तो होता ही है."

लेक दारात थांबली. वळली.

"हीटर?" ती म्हणाली. "गरम तो मेरा लैपटॉप भी होता है. मैं भी होती हूँ. हीटर कैसे?"

"मी तेच सांगतेय मघापासून," मॅडम म्हणाल्या.

"तू थांब आई, मला बोलू दे. सर, इसका काम क्या है, वो देखिए."

मग दोघी मिळून बोलायला लागल्या. एक श्वास घ्यायला थांबली की दुसरी सुरू. अधिकारी एजंटला हळूच म्हणाला, "पहले एक थीं."

शेवटी मशीन मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे 'दुसऱ्या मशिनां'च्या खात्यात पडलं. त्यांनी जास्तीची ड्युटी भरली आणि जिंकल्यासारखा चेहरा करून गाडीत बसल्या. सोबत घेऊन जायचा विषय लेकीनं वाटेत काढला नाही. पुढेही काढला नाही.

यंत्राचं म्हणाल तर ते विमान उडाल्यासारखं ओरडायचं. माझ्या छतातून ऐकू यायचं. मॅडम सकाळची वंदना ते बंद ठेवून म्हणायच्या. कमाईपेक्षा वीज जास्त खाल्ली त्यानं, हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी सरकारी आवाजात.

पण लेक दर शनिवारी यायला लागली. आधी मशीनचं सेटिंग बघायला म्हणून, मग काहीच न सांगता.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. आता वरच्या फ्लॅटमध्ये केरळचं एक कुटुंब राहतं. शांत माणसं आहेत.

मला त्या आठवतात त्या जानेवारीतल्या एका दुपारच्या. बाहेर दाट धुकं होतं. मी तिळगूळ द्यायला वर गेले. हॉलमध्ये मशीन गर्जत होतं आणि मायलेकी पंख्यातून येणाऱ्या गरम झोतासमोर पाय पसरून बसल्या होत्या, एकाच शालीत. लेक काहीतरी सांगत होती. मॅडम कानाला हात लावून "काय?" म्हणत होत्या. लेकीनं ओरडून सांगितलं. पुन्हा "काय?"

मग मॅडमनी मलाच खूण केली, भिंतीवरच्या बटणाकडे.

"बंद कर गं ते," त्या म्हणाल्या. "ही बोलतेय."