'वत्सल'चं 'गोकुळ' होताना

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

माझ्या खोलीसमोरचं घर विकलं गेलं. काल दाराशेजारची 'वत्सल' ही पाटी उतरवून तिथे 'गोकुळ' लावत होते. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "आम्ही रिक्षावाल्याला 'वत्सल'च सांगणार हं!"

नव्या मालकीणबाई हसल्या. "सांगा की! फक्त आमचे पाहुणे आमच्याच दारात उतरवा."

जुन्या पाटीखालची भिंत तेवढी वेगळ्या रंगाची राहिली होती.

मला आई आठवली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं आणि कुसुमची लक्ष्मी झाली. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजलेही असतील. पण अजून मामानं दारातून "कुसे!" अशी हाक मारली, की आई हातातलं काम टाकून धावत येते. लक्ष्मी म्हटलं की सावकाश उठते. घरालाही असं काही वाटत असेल का, मला सांगता येत नाही.

ताईचं लग्न ठरलंय. "माझं नाव बदलू नका," असा निरोप तिनं सासरी धाडला, तेव्हापासून सोयरीक मोडते की काय या धास्तीनं घरात कुणी धड जेवत नव्हतं.

आज आईचा फोन आला. ताईच्या होणाऱ्या सासूबाईंनी कळवलंय, "राहू दे तिचं नाव. माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं."