रुंद निब

रावपुऱ्यातले पेनवाले नाना दुरुस्त केलेले पेन भलत्याच्या हाती देत नसत. मालकाने स्वतः यायचे आणि काउंटरवरच्या वहीत एक ओळ लिहून दाखवायची. एका वकिलाने ड्रायव्हरला पाठवले, तेव्हा नानांनी त्याला रिकामेच परत धाडले. "साहेबांना सांग, चष्म्याचा नंबर काढायलाही तुलाच पाठवा म्हणावं."

पेनाची किंमत ते विचारत नसत. निब कागदावर चालवून कान देत. जराशी खरखर आली की पेन पुन्हा उघडत. "कागदाला कळता कामा नये," असे त्यांचे म्हणणे.

मी बातमीदार. बारा वर्षे माझे काळे पेन त्यांच्याकडेच जात होते. गेल्या वर्षी ते अडखळू लागले. ओळ संपेपर्यंत अक्षर बारीक होई. दोन महिन्यांत मी तीनदा गेलो, आणि तिसऱ्यांदा चिडूनच निब बदलायला सांगितली. नानांनी स्वतः लिहून पाहिले. रेघ स्वच्छ आली. मग त्यांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. माझी पाने शोधावी लागली नाहीत. खुणेचे कागद आधीच घातलेले होते. पहिल्या वहीतले अक्षर ठळक होते. शेवटच्या वहीतले मुंगीएवढे.

"निब ठीक आहे," ते म्हणाले. "हात डॉक्टरांना दाखव, भाई."

मी घरी सांगितले नाही. आठ दिवस काही लिहिले नाही, सह्या टाळल्या, चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. नवव्या दिवशी भर दुपारी दुकान बंद करून नाना कचेरीत आले आणि मला रिक्षात घालून घेऊन गेले. वाटेत त्यांचा पाय सारखा हलत होता.

डॉक्टरांनी कंपवात म्हटले. पुढचे मला ऐकू येईना. नानांनी एवढेच विचारले, "हा लिहील ना?"

बरीच वर्षे, डॉक्टर म्हणाले. मात्र रोज मोठे अक्षर काढायचा सराव हवा.

त्याच आठवड्यात नानांनी माझी निब घासून रुंद केली. "आता बारीक काढलंस तर सगळा गोळा होईल," त्यांनी बजावले.

दिवाळीनंतर नाना गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

मी रोज सकाळी एक पान लिहितो. बसताना भीती वाटते, ओळीच्या शेवटाला जास्त. अक्षरे आकसू लागली की शाई एकमेकांत मिसळते. मी थांबतो, आणि तोच शब्द पुन्हा मोठा लिहितो.