उघडा डोळा

आमच्या लॅबमधल्या, सिग्नल तपासायच्या स्कोपच्या पडद्यावर एक डोळा दिसतो. सर्किट बोर्डातून धावणारे शून्य आणि एकचे सगळे सिग्नल एकमेकांवर रचले, की मधे डोळ्याच्या आकाराची मोकळी जागा उरते. सिग्नल स्वच्छ असेल तर ती टपोरी दिसते, बिघडला की मिटत जाते. म्हणून आमच्याकडे "बोर्ड पास झाला का?" असं कुणी विचारत नाही. "डोळा उघडला का?" असंच विचारतात.

काल नव्या बोर्डाचा डोळा मिटलेला निघाला. हा बोर्ड दवाखान्यात, रुग्णाच्या खाटेशेजारच्या मॉनिटरमध्ये बसणार आहे. मी साहेबांना बोलावलं.

"मॅडम, एवढी लांब केबल कशाला लावलीत? हातभरच लावा ना, सिग्नल बिघडणार नाही."

"सर, दवाखान्यात लांबच लागणार आहे."

"ते तिथलं तिथे बघू."

मी केबल बदलली. डोळा टक्क उघडला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी रिपोर्टवर सही केली.

हातभर केबल लावायची सवय मला जुनीच आहे. आईला फोनवर मी "बरी आहेस ना?" असंच विचारते. त्यावर "हो" म्हणण्यावाचून ती काय करणार?

डोळेझाक करायला डोळे मिटावे लागतात, असं मला उगाच वाटायचं. रिपोर्टात एक रकाना असतो, डोळा उघडा की बंद. मी "उघडा" लिहिलं. कुणाचा, ते तिथे विचारलेलं नसतं.