धोंड्याच्या जेवणात गेलेला पट्टा

माझ्या साळ्यानं मला फसवलं. अधिक महिन्यात मी सासुरवाडीला धोंड्याचं जेवण जेवत होतो, तेव्हा त्यानं माझ्या मोटरसायकलचा चिखल अडवणारा रबरी पट्टा काढून स्वतःच्या गाडीला लावला.

माझ्या गाडीला मागे एकच शॉकअप आहे, सीटखाली, चाकाच्या अगदी पुढे. चाकानं उडवलेला चिखल आणि गिट्टी सरळ त्याच्यावर जाते. शॉकअपची दांडी गुळगुळीत असते. तिला गिट्टीचे टोचे पडले की वर-खाली होताना ती आतलं रबरी सील कापते, तेल गळतं आणि गाडी बसते. कंपनी एक प्लास्टिकचा पडदा देते, पण तो मारेगावहून झरी जामणीकडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी केलेला नाही. माझा पहिल्याच उन्हाळ्यात तडकला.

मी विहिरीत सोडायच्या जुन्या पाणबुडी मोटरी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. हा धंदा मला कोणी लावून दिला नाही. मोटर मागच्या कॅरिअरला बांधून जंगलाकडच्या गावांत न्यावी लागते, म्हणून शॉकअप गेला की माझं काम थांबतं.

कोळसा खाणीत कोळसा वाहून नेणारा जाड रबरी पट्टा असतो. तो झिजला की भंगारात येतो. भंगारवाला अख्खी गुंडाळी घ्या म्हणत होता, मला तडकलेल्या पडद्याच्या जागी लावायला हातभर पाहिजे होता. अर्धी दुपार वाद घालून मी हातभरच घेऊन आलो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग पट्टा. बोल्टसाठी गरम सळईनं चार भोकं पाडली. एक चुकलं, म्हणून पाचवं पाडलं. भार पडल्यावर पट्टा चाकाला घासतो का, हे पाहायला मोटर बांधली, सीटवर बायकोला बसवलं आणि गाडी दाबून पाहिली. दोन पावसाळे दांडीवर ओरखडा आला नाही.

साळ्याची गाडी माझ्यासारखीच आहे. तो बाभुळगावजवळच्या आपल्या गावातून कॅन लावून दूध नेतो. धोंड्याच्या दिवशी मी पोचलो तेव्हा गाडी चिखलानं भरली होती. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बसा जी. गाडी मी धुतो." त्या दिवशी जवायाला कोणी इकडची वस्तू तिकडे करू देत नाही. मी पाटावर बसलो. निघताना तेहतीस अनारशांचा डबा हातात होता, ओवाळणं झालं होतं, सगळे अंगणात उभे होते. एरवी घेण्याआधी मी मोटर तीनदा उघडून पाहतो. पण सासुरवाडीच्या अंगणात, सगळ्यांसमोर, गाडीखाली वाकून तपासणारा जवाई मी तरी पाहिला नाही. मीही वाकलो नाही.

महिनाभरानं झरीकडे जाताना गाडी मागून खाली बसली. रिमवर तेल आलं होतं. मोटर एका शेतात उतरवून गाडी तशीच हळूहळू मारेगावला आणली. म्हाताऱ्या मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं.

"पट्टा काहून काढला जी?"

"मी नाही काढला."

"मंग उडून गेला का? बोल्ट खोलले हायेत, तुटले नाही."

महिनाभर मी त्या बाजूला वाकून पाहिलंच नव्हतं. घरी येऊन बायकोला विचारलं, गाडी शेवटची कोणी धुतली.

"माहा भाऊ तसा नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "जायचं तर जा. पण तिथं आवाज चढवू नका."

मी गेलो. साळ्याची गाडी गोठ्याजवळ उभी होती. पट्टा तिच्यावर होता, चुकलेल्या भोकासकट. सासरे ओट्यावर बसले होते. साळा आतून टॉवेलनं हात पुसत आला.

"हा पट्टा कोणाचा?"

"तुमचाच न भाऊजी. तुम्हीच तर देला."

"कवा?"

"धोंड्याले. मी दारातून म्हटलं, भाऊजी, तुमचा पट्टा मी ठेवून घेऊ का. तुम्ही मान हलवली."

मग मला आठवलं. सासूबाई तुपाची वाटी घेऊन समोर उभ्या होत्या. माझ्या तोंडात पुरणाचा धोंडा होता. त्यांनी विचारलं, अजून वाढू का, आणि मी मान हलवली. दारातलं काही मला ऐकू आलं नाही.

"मी तुपाले हो म्हटलं," मी म्हणालो.

"ते आमाले कसं समजावं? तूप तर खाल्लं न?"

माझा आवाज चढला. काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. साळा म्हणाला, "घेऊन जा मंग, आता खोलून देतो. एवढं मन लागलं अशीन तं." तो पान्हा आणायला वळला. मी त्याला थांबवलं. पट्टा घेतला असता तर दिलेली वस्तू परत नेणारा जवाई म्हणून मी बाभुळगावपर्यंत ओळखला गेलो असतो, आणि मी मान पट्ट्यासाठीच हलवली होती हेही ठरून गेलं असतं.

धोंड्याच्या दिवशी जेवताना सासरे माझ्या बाजूच्याच पाटावर होते. दार त्यांच्या तोंडासमोर होतं. मी विचारलं, "मामाजी, तुम्ही सांगा. मी कशाले हो म्हटलं?"

त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "जाऊ द्या न जवाईबापू. रबराचा तुकडा तो."

शॉकअप मी नवा बसवला. दुसरा पट्टाही कापला. साळा मात्र अजून नातेवाईकांत सांगतो की भाऊजींनी आधी दिला आणि मग भांडायला आले. लग्नाला, बारशाला लोक मला हसून विचारतात. सासऱ्यांना मी कधी खोटं बोलताना पाहिलं नाही. त्यांना माझं खरं म्हणायचं नव्हतं आणि मुलाला खोटं पाडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी रबराचा विषय काढला. मी रबराबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनी साळ्याला समोर बसवावं आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते त्याच्या तोंडावर सांगावं. मामाजी, दोघांनाही ऐकू येईल असं सांगा: मी तुपाला हो म्हटलं होतं की पट्ट्याला?