विमान हवेत असताना

जालन्यातले आमचे शेजारी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर विमान उडवतात. बसायला जुन्या ट्रॅक्टरची सीट, कमरेला पट्टा, समोर बटणांची फळी. अर्धी बटणं कशालाच जोडलेली नाहीत, तरी ती दाबल्याशिवाय ते निघत नाहीत. खेळ थांबवायच्या बटणावर मात्र चिकटपट्टी आहे. वहिनींनी चहाला हाक मारली की म्हणतात, "उतरू दे आधी. विमान हवेत थांबतं का कुठं?" मला हे खूळच वाटायचं.

परवा मी त्यांच्या मागं दिवाणावर बसलो होतो. धावपट्टी दिसायला लागली आणि लाईट गेली. अंधारात पट्टा सोडून ते वळले.

"कुठं लागलं तर न्हाई ना?"

मी हसणार होतो. पण माझ्या दोन्ही हातांनी दिवाणाची कड घट्ट धरलेली होती.